सर्व्हिसिंगनंतरचे मिसिंग : निदान हात लागलेल्या जागेपासून

प्रति,
प्राचार्य आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडचे शिल्प निदेशक, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, सोलापूर;
तसेच सोलापूर शहर व जिल्ह्यातील गॅरेजमालक आणि मिस्त्री

विषय : सर्व्हिसिंग झालेल्या स्पोर्ट्स कारमधील मिसफायरचे निदान आणि त्याचे प्रशिक्षण

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात ठरलेल्या क्षणी मिश्रण पेटले नाही, किंवा अर्धवट पेटून विझले, की त्या फेरीत त्या सिलिंडरकडून क्रँकशाफ्टला जोर मिळत नाही. हा मिसफायर, गॅरेजात सगळे त्याला मिसिंग म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर पेटतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे असतील तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा. ६००० फेऱ्यांना हाच हिशेब सेकंदाला ५० वेळांवर जातो. मिसिंग झाले की आयडलिंगला स्टीअरिंग थरथरते, पिकअप मरतो, सायलेन्सरचा आवाज तुटक येतो आणि पेट्रोलचा उग्र वास सुटतो. कंट्रोल युनिटला मात्र यातले काही ऐकू येत नाही की दिसत नाही. ते क्रँकवरच्या दातेरी चाकाचा वेग सेन्सरने मोजत असते. बऱ्याच इंजिनांत या चाकावर साठ दात्यांची जागा असते आणि खूण म्हणून त्यातले दोन दाते सोडलेले असतात. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला चाक क्षणभर मंदावले, की त्या सिलिंडरच्या नावावर एक मिसफायर नोंदला जातो.

झीज होत होत महिनोन्‌महिने वाढत गेलेले मिसिंग आणि सर्व्हिसिंगहून गाडी परतली त्याच दिवशी सुरू झालेले मिसिंग, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत संशय सगळ्या इंजिनावर असतो. दुसरीत कालपर्यंत नीट चालणारे इंजिन आणि आजचे इंजिन यांच्यात एकच फरक असतो, तो म्हणजे सर्व्हिसिंगमध्ये झालेले काम. म्हणून तपास हात लागलेल्या जागेपासून सुरू व्हावा, आणि जी जागा सर्वांत शेवटी हाताळली ती सर्वांत आधी पाहावी. नवा सुटा भाग मागवण्याचा विचार त्यानंतर. हा क्रम साधा आहे, पण प्रत्यक्षात तो उलटा चालतो. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, कोडात ज्या भागाचे नाव येईल तो भाग बदलायचा, कोड पुसायचा आणि गाडी द्यायची. दोन दिवसांत गाडी परत येते, तेव्हा दुसरा भाग बदलतात. ग्राहकाचे पैसे जातात, मिस्त्रीचे नाव जाते, आणि मूळ दोष अर्धवट बसलेल्या एखाद्या कपलरमध्ये तसाच राहतो.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. अशा गाड्या आता सोलापूरला अपरिचित नाहीत, आणि त्यातल्या कित्येक महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत. २००४ साली आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो इंजिनाची, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जोडली गेली. २०१३ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली डीसी अवंती ही पुणे परिसरात बांधलेली दोन आसनी गाडी. तिचे रेनॉचे दोन लिटर टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसवलेले आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारातून अशी वाहने जिल्ह्याच्या गावांतही पोचतात. महागड्या परदेशी स्पोर्ट्स कारचे अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचे तर पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या पुढे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून तितक्या लांब न्यायची आणि तिथे कॉइलचा कपलर नीट दाबून परत आणायची, असे एकदा जरी घडले तरी तो खर्च टाळता आला असता.

टर्बो इंजिनाचे एक वैशिष्ट्य इथे ध्यानात ठेवले पाहिजे. सिलिंडरातला दाब जितका जास्त, तितके प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागते. त्यामुळे इन्सुलेशनमध्ये थोडी कमजोरी असलेला प्लग किंवा कॉइल आयडलिंगला मुकाट्याने काम करतो आणि टर्बोचा दाब चढला की हार मानतो. ठिणगी फटीत पडण्याऐवजी प्लगच्या अंगावरून किंवा रबरी बूट भेदून सिलिंडर हेडकडे पळते. गॅरेजच्या फरशीवर उभ्या गाडीला रेस देऊन ‘मिसिंग गेले’ असा निर्वाळा देणे म्हणून धोक्याचे आहे.

तपासाची पहिली पायरी हत्याराशिवायची आहे. जॉब कार्ड समोर ठेवावे आणि सर्व्हिसिंगमध्ये काय काय उघडले, काय बदलले, काय धुतले हे काम केलेल्या माणसाकडून तोंडी समजून घ्यावे. कार्डावर ‘जनरल सर्व्हिस’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्या दोन शब्दांत प्लग, एअर फिल्टर, ऑइल, थ्रॉटल बॉडीची सफाई, बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची धुलाई हे सगळे मावते. काम करणाऱ्याला न रागावता विचारले तर अर्धे निदान तिथेच होते. रागावले तर तो काहीच सांगत नाही, हे गॅरेज चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरी पायरी स्कॅनरची, पण कोड पुसण्याची नव्हे. पी०३०० म्हणजे मिसफायर अनेक सिलिंडरांत विखुरलेला. पी०३०१, पी०३०२ अशा कोडांत शेवटचा अंक सिलिंडरचा. कोडाबरोबर कंट्रोल युनिट त्या क्षणाची नोंदही जपून ठेवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनाचे फेरे, भार, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग आणि इंधनाची दुरुस्ती हे सगळे त्यात असते. मिसिंग थंड इंजिनात झाले की तापल्यावर, आयडलिंगला झाले की टर्बोच्या दाबाखाली, याचे उत्तर या नोंदीत तयार मिळते. कोड पुसला की ही नोंदही जाते. प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगण्याची गोष्ट कोणती असे विचारले, तर ती हीच : आधी लिहून घ्यावे, फोटो काढावा, मगच पुसावे.

याच टप्प्यावर दिव्याकडेही पाहावे. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत आणता येते. दिवा लुकलुकत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याइतके मिसिंग चालू आहे, असा त्याचा अर्थ. न जळलेले पेट्रोल आणि हवा कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतात, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हाच उपाय आहे, आणि गाडी ताब्यात देताना ग्राहकाला हे सांगणे हे गॅरेजचे कर्तव्य आहे. कन्व्हर्टर वाचावा म्हणून अनेक कंट्रोल युनिट मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर स्वतःहून बंद करतात. हे ठाऊक नसलेला मिस्त्री इंजेक्टरच्या कपलरवर सिग्नल शोधतो, तो मिळत नाही, आणि इंजेक्टरचा ड्रायव्हर किंवा आख्खा ईसीयूच गेला असा निष्कर्ष काढतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा सिग्नल परत येतो.

आता प्रत्यक्ष जागा. सर्व्हिसिंगनंतरच्या मिसिंगमध्ये सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते प्लग आणि कॉइलकडे, कारण पेट्रोल गाडीच्या मोठ्या सर्व्हिसिंगमध्ये याच ठिकाणी सर्वांत नाजूक भाग सर्वांत घाईने हाताळले जातात.

कॉइल काढताना तिचा कपलर सोडवावा लागतो. इंजिनाच्या उष्णतेने त्या कपलरचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे शिजलेले असते आणि त्याचे लॉक हलक्या हातानेही तुटते. लॉक तुटलेला कपलर बसल्यासारखा दिसतो, आयडलिंगला चालतो आणि रस्त्यावरच्या धक्क्याने क्षणभर सुटतो. म्हणून प्रत्येक कपलर हाताने ओढून पाहावा. नुसते वरून बघून भागत नाही. कॉइलचा रबरी बूट ओढताना फाटला आहे का, त्यातली स्प्रिंग प्लगवरच अडकून राहिली आहे का, कॉइलचा बोल्ट आवळला आहे का, हे त्यानंतर. दोन कॉइलचे कपलर आपसांत बदलले गेले असतील तर एकाच वेळी दोन सिलिंडरांचे कोड येतात आणि इंटेकमधून किंवा सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज येतो. दोन सिलिंडर एकदम गेले म्हणजे इंजिनच गेले असे मानण्याआधी वायरची लांबी आणि कपलरची जागा पाहावी.

प्लगबाबत चार गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, प्लगचा नंबर. एकाच मॉडेलच्या टर्बो आणि साध्या इंजिनाला वेगळे प्लग लागतात, आणि उष्णता वाहून नेण्याची त्यांची क्षमता वेगळी असते. दुसरी, फट. साध्या इंजिनात ती १ मिलीमीटरच्या आसपास असते, टर्बोत बहुधा ०.७ ते ०.८. साध्या इंजिनाच्या फटीचा प्लग टर्बोत बसवला तर गाडी शहरात नीट चालते आणि हायवेला ओव्हरटेक करताना झटके मारते. इरिडियमच्या प्लगचे टोक बारीक असते. नाण्यासारखे गेज त्यात घुसवून फट वाढवू नये, टोक मोडते. तिसरी, आवळणे. १२ मिलीमीटर आट्याचा प्लग अंदाजे १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिलीमीटरचा वायसरवाला प्लग अंदाजे २५ ते ३०, आणि नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. ढिला राहिलेला प्लग सिलिंडर हेडला नीट उष्णता देत नाही आणि गॅस सोडतो. जास्त आवळलेला प्लग ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. टॉर्क पाना हे हत्यार गॅरेजात असतेच. ते भिंतीवरून उतरले पाहिजे. चौथी गोष्ट सर्वांत लपलेली. सॉकेट तिरके लागले किंवा प्लग हातातून फरशीवर पडला की पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर जाते, आणि ती डोळ्याला दिसत नाही. काही दिवसांनी त्या चिरेवर किंवा प्लगच्या अंगावर काळी रेघ उमटते, आणि बुटाच्या आत तशीच दुसरी रेघ. ठिणगी त्याच वाटेने पळत असते. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगला पुन्हा खराब करते; बूटही बदलावा लागतो. फरशीवर पडलेला प्लग कितीही नवा असो, तो इंजिनात जाता कामा नये. बाजारात नामांकित ब्रँडच्या खोक्यांत बनावट प्लगही मिळतात, म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून व्हावी आणि बिल जॉब कार्डाला जोडावे.

प्लगच्या विहिरीची तपासणी सोलापुरात विशेष महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ बॉनेटखाली थर धरते. प्लग काढण्याआधी विहीर हवेने फुंकली नाही तर ती धूळ थेट सिलिंडरात पडते. आणि ही धूळ नको म्हणून इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतले जाते, तेव्हा दुसरे संकट येते. पाणी कॉइलच्या सीलखालून विहिरीत उतरते आणि ठिणगीला वाट देते. सर्व्हिसिंग आणि वॉशिंग एकाच दिवशी झाले, मिसिंग पहिल्या स्टार्टलाच सुरू झाले आणि इंजिन तापल्यावर कमी झाले, तर कॉइल वर उचलून विहीर पाहावी, पाणी शोषून घ्यावे आणि हवेने कोरडी करावी. विहिरीत पाण्याऐवजी ऑइल असेल तर दोष टॅपेट कव्हरच्या गास्केटचा आहे. कव्हर उघडून पुन्हा जुन्याच गास्केटवर बसवले असेल तर उत्तर समोरच आहे.

यानंतर अदलाबदलीची चाचणी, जी स्कॅनर आणि एका पान्यावर होते आणि जिच्याइतके स्वस्त व खात्रीचे निदान दुसरे नाही. कोड पी०३०१ असेल तर एक नंबरची कॉइल तीन नंबरवर आणि तीनची एकवर बसवावी, आणि ज्या परिस्थितीत मिसिंग झाले होते त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. नवा कोड पी०३०३ आला तर कॉइल दोषी. कोड एकवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग याच रीतीने प्लग, आणि मग जमल्यास इंजेक्टर. एका वेळी एकच भाग हलवायचा. कॉइल आणि प्लग एकदम हलवले आणि कोडही हलला, तर दोघांपैकी कोण, हा प्रश्न तसाच राहतो. जुन्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर ओढून पाहण्याची पद्धत होती. कॉइल-ऑन-प्लग इंजिनात ती करू नये. व्होल्टेज तीस-चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकते. मोकळी सुटलेली कॉइल स्वतः जळते आणि माणसालाही शॉक देते.

अदलाबदलीत एक सापळा आहे आणि तो पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो : एक नंबरचा सिलिंडर कोणता? मारुतीच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस टायमिंग चेनच्या बाजूने एक, दोन, तीन, चार मोजतो. रेनॉच्या चार सिलिंडर इंजिनांत मोजणी फ्लायव्हीलच्या बाजूने होते. अवंतीचे इंजिन रेनॉचे. नाशिकला २००७ पासून बनलेल्या लोगनची इंजिनेही रेनॉचीच, आणि ती गाडी जिल्ह्यातल्या मिस्त्रींनी भरपूर हाताळलेली आहे. तिथे पी०३०१ वाचून टायमिंगच्या बाजूची कॉइल काढली तर प्रत्यक्षात चार नंबरची काढली जाते, चाचणीचे उत्तर चुकते, आणि निर्दोष इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हवर आळ येतो. आडव्या सहा सिलिंडरच्या पोर्शे ९११ मध्ये तर पेटण्याचा क्रम १-६-२-४-३-५ असा असतो आणि सिलिंडर दोन बाजूंना विभागलेले असतात. पाना हातात घेण्याआधी त्या इंजिनाची मोजणी मॅन्युअलमध्ये पाहून कागदावर काढावी. संस्थेत वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने शेजारी ठेवून ही एकच गोष्ट प्रशिक्षणार्थ्यांकडून घोटून घेतली, तरी पुढची अनेक चुकीची निदाने टळतील.

कॉइल प्रत्येक वेळी सर्व्हिसिंगमुळेच जाते असेही नाही. २००३ च्या सुमारास अमेरिकेत फोक्सवॅगन समूहाने आपल्या लाखो गाड्यांच्या इग्निशन कॉइल मोफत बदलून दिल्या, त्या कॉइलच्या मुळातल्या दोषामुळे. त्यात १.८ लिटर टर्बो इंजिनाच्या गाड्याही होत्या. म्हणून ‘तुमच्या हातून बिघडले’ हा ग्राहकाचा आरोप आणि ‘आमचा काही संबंध नाही’ हे गॅरेजचे उत्तर, दोन्ही चाचणीआधी निरर्थक ठरतात.

कॉइल आणि प्लग निर्दोष ठरले की हवेकडे वळावे. एअर फिल्टर बदलताना खोक्याची एक क्लिप लागत नाही, किंवा मोठ्या होजचा क्लॅम्प ढिला राहतो, किंवा एखादी बारीक व्हॅक्यूम पाइप परत लावायची राहून जाते. एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली की मिश्रण पातळ होते आणि आयडलिंगला मिसिंग सुरू होते. ऑइल भरल्यावर झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नाही तरी बऱ्याच इंजिनांत हेच घडते, कारण क्रँककेसची हवा इंटेकमध्येच जाते. इथे स्कॅनरवरचे इंधन दुरुस्तीचे आकडे, म्हणजे फ्युएल ट्रिम, अचूक वाट दाखवतात. शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांत, सारे ठीक. आयडलिंगला अधिक वीस आणि २५०० फेऱ्यांना जवळजवळ शून्य असे आकडे दिसले तर हवेची गळती. रेस दिल्यावर गळतीचा वाटा एकूण हवेत नगण्य होतो म्हणून आकडा खाली येतो. उलट भार वाढेल तसा आकडा चढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे किंवा सेन्सर हवा कमी मोजतो आहे. स्पोर्ट्स कारना हौसेने बसवलेले तेल लावायचे कापडी फिल्टर इथे आठवावेत. तेल जास्त लागले की ते सेन्सरच्या तारेवर बसते आणि मोजमाप बिघडते. टर्बोच्या पुढचा पाइप सुटला तर प्रकार उलटा होतो. मोजलेली हवा बाहेर पडते, मिश्रण जाड होते, काळा धूर येतो आणि मिसिंग फक्त दाब चढल्यावर होते.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्या थोडा वेळ आयडलिंगला डगमगतात. कंट्रोल युनिटने शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेलेल्या असतात. कंपनीच्या पद्धतीने थ्रॉटल ॲडॅप्टेशन करून गाडी थोडी चालवली की ते थांबते, त्यासाठी कोणताही भाग बदलावा लागत नाही.

ऑइलचा आणि मिसिंगचा संबंध लोकांना पटत नाही, पण तो आहे. आजच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टचा कोन ऑइलच्या दाबाने पुढे-मागे केला जातो. ऑइल चुकीच्या ग्रेडचे असेल, फार कमी असेल, किंवा इतके जास्त भरले असेल की क्रँक त्यात आपटून फेस होतो, तर कॅम ठरलेल्या जागी पोचत नाही. व्हॉल्व्ह भलत्या क्षणी उघडतात आणि आयडलिंग बिघडते. टायमिंग बेल्ट बदलला असेल तर संशय आणखी बळावतो. क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर बेल्ट एक दात चुकला म्हणजे क्रँकचे १८ अंश चुकले. इंजिन चालू होते, पण ओढत नाही, आणि क्रँक व कॅमचा मेळ नसल्याचा पी००१६ हा कोड येतो. हा कोड मिसफायरच्या कोडाबरोबर असेल तर प्लग-कॉइलचा विचार सोडून टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात. कॅमशाफ्टच्या उंचवट्यात किंवा कोनात किंचित फरक पडला तर इंजिनावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला सोलापूरच्या विद्यार्थ्याला दूर जायची गरज नाही. १९९२ साली इथेच स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांसारख्या उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. ज्या शहरात ओतीव लोखंडाचा कॅमशाफ्ट जगाच्या मापाला उतरवला जातो, त्या शहरातल्या प्रशिक्षणार्थ्याने तो घासून मापाला कसा आणतात हे एकदा पाहिलेले असावे. संस्थेने अशी भेट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ठरवावी.

इंधनाबाबत थोडक्यात. फ्युएल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहते आणि पहिल्या स्टार्टला थोडे मिसिंग होते; ते लगेच थांबायला हवे. न थांबल्यास ओ-रिंग आणि पेट्रोलचा दाब पाहावा. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला इथेनॉलचे अर्थकारण सांगायला नको. पण इथेनॉल पाणी ओढते. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या स्पोर्ट्स कारच्या टाकीत पाणी जास्त झाले तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. सर्व्हिसिंगच्या निमित्ताने अशी गाडी बऱ्याच दिवसांनी रस्त्यावर येते तेव्हा दोष सर्व्हिसिंगचा नसतो. काचेच्या बाटलीत टाकीतले पेट्रोल काढून ठेवले तर दोन थर डोळ्यांना दिसतात. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलने होणारी खटखट ही मात्र वेगळी तक्रार आहे. तिला मिसिंग समजून प्लग बदलू नयेत.

एवढे सगळे तपासूनही एकाच सिलिंडरचा कोड कायम राहिला तरच इंजिनाच्या पोटात शिरावे. पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांपुढचा फरक बोलका असतो. कमी भरलेल्या सिलिंडरात थोडे ऑइल टाकून आकडा चढला तर रिंग, न चढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. थेट सिलिंडरात पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इंटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोलची धुलाई होत नाही; सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिसिंग आणि तापल्यावर सुरळीत, हे त्याचे लक्षण. हा दोष बरीच वर्षे हळूहळू वाढत गेलेला असतो, म्हणून गॅरेजने तो ग्राहकाला एंडोस्कोपच्या चित्रासह दाखवावा.

गॅरेजमालकांकडून या पत्राची मागणी दोन गोष्टींची आहे. जॉब कार्डावर उघडलेल्या प्रत्येक भागाची ओळ असावी आणि तिच्यापुढे काम करणाऱ्याची सही. आणि काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने, नंबर घालून, ग्राहकाला परत द्यावेत. जुन्या प्लगचा रंग, त्यावरचे ऑइल, त्यावरची काजळी हा त्या सिलिंडरचा मागचा इतिहास असतो, आणि नव्या प्लगनंतर मिसिंग सुरू झाले तर तुलनेला दुसरे काहीच उरलेले नसते. शिल्प निदेशकांनी या दोन सवयी कार्यशाळेतच लावल्या तर त्या पुढे गॅरेजपर्यंत जातील. बाहेर पडल्यानंतर त्या शिकवायला कुणाला वेळ नसतो.

दुरुस्ती झाली हे ठरवायचे ते ट्रायलवर. मूळ फ्रीझ फ्रेममध्ये जे तापमान, जो भार आणि जे फेरे होते, ते पुन्हा गाठावे लागतात. सात रस्त्याच्या गर्दीत आयडलिंग आणि कमी वेग तपासता येतो. टर्बोचा दाब तपासायला पुणे रस्त्यावर बाळे, केगाव ओलांडून, वेगमर्यादा पाळत, वरच्या गिअरमध्ये भार द्यावा. दोष तापल्यावर येणारा असेल तर ट्रायल दुपारी व्हावी, कारण बेचाळीस अंशांच्या उन्हात कॉइल जे सांगते ते सकाळी सांगत नाही. खड्ड्यांचा रस्ता टाळावा. चाकांच्या धक्क्यांनीही क्रँकचा वेग हलतो आणि खोटा मिसफायर नोंदला जाऊ शकतो. परत आल्यावर स्कॅनरवर नुसते कोड पाहून थांबू नये. ज्या गाड्यांत मोड ०६ मध्ये प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी दिसते, तिथे ती मोजणी वाचावी. चेक इंजिनचा दिवा पेटण्याइतके मिसिंग नसले तरी एखाद्या सिलिंडरपुढे आकडा साचलेला असतो. सगळ्या सिलिंडरांपुढे शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा आला की तो जॉब कार्डावर लिहावा आणि मगच किल्ली ग्राहकाच्या हातात द्यावी.